निलंबित परवाना परत कसा मिळवावा: सोपी, घरगुती पद्धत

प्रस्तावना

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांचा वाहन चालवण्याचा परवाना आजवर कधीच निलंबित झालेला नाही आणि 'आपल्याला कशाला लागतंय हे' अशी ज्यांची पक्की समजूत आहे, त्यांनी हिचं कात्रण काढून ठेवावं. मुरलेल्या मंडळींना हिची गरज नाही. त्यांचा कुठेतरी 'आपला एक माणूस' असतो. तो नेमका त्याच आठवड्यात गावी गेलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

लेखकाची पात्रता आधी सांगतो. मी मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे दिल्लीचा. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत आमची एकोणीस वर्षं गेली आणि तेवढ्यात तीन वेळा सेक्टर बदलला. रामकृष्ण परमहंसांचं नाव लावणाऱ्या या वसाहतीत सगळा देश ओळीने राहतो. सेक्टर पाचात तमिळ संगम, सातात टेकडीवरचं मलाई मंदिर, दोनात अय्यप्पाचं देऊळ, आणि सेवा भवनापासून वेस्ट ब्लॉकपर्यंत फायलीच फायली. मीही त्यातलाच. दिवसभर लोकांच्या अर्जांवर 'त्रुटींची पूर्तता करून पुन्हा सादर करावे' असा शेरा मारतो. तोच शेरा माझ्या अर्जावर आला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की त्यात कुठली त्रुटी ते लिहिलेलंच नसतं.

पायरी शून्य: आधी निदान, मग औषध

'माझं लायसन्स गेलं' असं म्हणत इकडेतिकडे धावू नये. परवाना चार प्रकारांनी जातो आणि चारही प्रकारांना औषध वेगळं आहे.

*पहिला प्रकार, संपलेला.* तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान काढलेला परवाना दहा वर्षं चालतो. पंचावन्नच्या पुढे पाच-पाच वर्षांचे हप्ते. मुदत संपून वर्ष व्हायच्या आत नूतनीकरण करता येतं. वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी. मग विशीतल्या पोरांच्या रांगेत उभं राहून, तीस वर्षं चालवत असलेली गाडी आपल्याला चालवता येते हे सिद्ध करावं लागतं. ते दर वेळी सिद्ध होतंच असं नाही.

*दुसरा प्रकार, पोलिसाकडे जमा.* मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०६ खाली पोलीस परवाना ताब्यात घेऊन पुढे परवाना अधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. तो पोचपावती देतो. ती पावती म्हणजे तुमच्या परवान्याचा धागा आहे. मी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि शर्ट धुवायला टाकला.

*तिसरा प्रकार, निलंबित.* कलम १९ खालचा आदेश निघाला की परवाना ठरावीक काळ निकामी.

*चौथा प्रकार, अडकलेला.* यात कोणी काही काढून घेतलेलं नसतं. फक्त थकीत चालानांमुळे तुमचा कुठलाही अर्ज पुढे सरकत नाही.

नवशिके तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराची हमखास गल्लत करतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत दंड थकवला म्हणून थेट परवाना निलंबित होत आला आहे. आपल्याकडे निलंबन मुख्यतः रस्त्यावर जे केलं त्यासाठी होतं. ऑगस्ट २०१५ मध्ये न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना बजावलं: अतिवेग, लाल दिवा तोडणं, गाडी चालवताना मोबाईल, दारू पिऊन चालवणं, मालवाहू वाहनात जादा माल भरणं किंवा माणसं कोंबणं यांसाठी परवाना किमान तीन महिने निलंबित करा. १ सप्टेंबर २०१९ पासून सुधारित कायदा लागू झाला आणि हेल्मेट न घालणंही या पंक्तीत येऊन बसलं. एक हजार रुपये दंड, वर तीन महिने अपात्रता.

थकबाकीची शिक्षा याहून सूक्ष्म आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७ मध्ये ९० दिवसांचा आकडा आला: तेवढ्यात चालान निकाली निघालं नाही, तर परवान्याचा किंवा गाडीचा अर्जच घेतला जाणार नाही. (असे आकडे सरकार सहसा वाढवत नाही. आजचा आकडा पोर्टलवर पाहून घ्यावा.) म्हणजे तुम्हाला कोणी पकडायला येत नाही. तुम्हीच एक दिवस काहीतरी मागायला खिडकीपाशी जाता आणि खिडकी विचारते, आधीचं काय?

मला दोन्ही प्रकार एकदमच झाले होते. डॉक्टर ज्याला गुंतागुंत म्हणतात, तेच हे.

साहित्य

गाडीच्या चासी क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे. आधार. ओटीपी येईल असा चालू मोबाईल. परवान्याचा क्रमांक. प्रिंटआउट, प्रत्येक कागदाच्या दोन. मुनिरक्यातला झेरॉक्सवाला, ओळखीचा असल्यास उत्तम. घरातली पंधरा ते पंचवीस वयोगटातली एक व्यक्ती, जी 'बाबा, मागे या, ते बटण नव्हतं' एवढंच बोलेल. चहा, हवा तेवढा.

पायरी १: चालानं शोधून काढणे

चालान दोन खुंट्यांना टांगलेलं असतं: गाडीच्या क्रमांकाला किंवा परवान्याच्या क्रमांकाला. कॅमेऱ्याने टिपलेलं गाडीकडे जातं. रस्त्यात हवालदाराने थांबवून केलेलं परवान्याच्या नावावर चढू शकतं. परिवहन मंत्रालयाच्या ई-चालान पोर्टलवर दोन्ही खुंट्या चाचपाव्यात. मी फक्त परवान्याची पाहिली. तिथे दोन होती. बरं वाटलं. मग मुलाने गाडीचा नंबर टाकला. तिथे सात होती.

नऊ चालानं आणि आम्हाला एकाचाही पत्ता नाही, हे कसं? नियम १६७अ म्हणतो की कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवायची. ती पाठवली गेलीच होती. फक्त आमच्याकडे नव्हे. गाडी एमएच-१२, पुण्यात घेतलेली, हिच्या म्हणजे बायकोच्या नावावर. नोंदणीत हिचा तेव्हाचा पुण्याचा मोबाईल नंबर. तो आम्ही दिल्लीला आल्यावर बंद केला. टेलिफोन कंपन्या बंद नंबर वाया जाऊ देत नाहीत, काही काळाने दुसऱ्याला देतात. कुतूहल म्हणून हिने तो नंबर फिरवला. पलीकडे एक वयस्कर गृहस्थ. हिने गाडीचा नंबर सांगताच ते म्हणाले, "अरे वा, म्हणजे तुम्हीच का त्या! मला वाटायचं, कोण हा माणूस दिल्लीत एवढा सुसाट सुटलाय. ताई, जरा सावकाश चालवत जा हो."

दोन वर्षं एक परका माणूस पुण्यात बसून आमची काळजी करत होता आणि आम्ही मजेत होतो. म्हणून पहिला धडा हा: 'वाहन' (गाडीची) आणि 'सारथी' (परवान्याची) या दोन्ही नोंदींतला मोबाईल नंबर आजच्या आज तपासा. पत्ताही तपासा. गाडीच्या नोंदीतला पत्ता बदलला की तीस दिवसांत कळवायचा असतो. माझ्या निलंबनाची नोटीस आमच्या जुन्या सेक्टरातल्या क्वार्टरला गेली होती. तिथल्या नव्या बिऱ्हाडाने ती सरकारी कागद म्हणून जपून ठेवली. वसाहतीचे संस्कार असे असतात. मात्र आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं आणि आदेशाआधी म्हणणं मांडता येतं, या दोन्ही मुदती त्या घराच्या शोकेसमध्ये शांतपणे संपल्या.

प्रत्येक कॅमेरा-चालानासोबत फोटो असतो. महत्त्वाची सूचना: फोटो मोठा करून पाहू नये. गाडीचा नंबर आपला आहे ना, एवढंच पाहावं आणि पुढे जावं. त्यात उगाच वेळ मोडतो.

पायरी २: गाडी चालवत कोण होतं?

कॅमेऱ्याला पाटी दिसते, काचेवरच्या उन्हामुळे चेहरा दिसत नाही. म्हणून नोटीस मालकाला जाते. कलम १३३ नुसार विचारणा झाली तर चालक कोण होता हे सांगणं मालकावर बंधनकारक आहे. अशा रीतीने संसदेने १९८८ सालीच आमच्या घरातल्या एका रविवारची सोय करून ठेवली होती.

घरगुती चौकशीची पद्धत अशी. सातही चालानांच्या तारखा कागदावर लिहाव्यात. शेजारी वार आणि वेळ लिहावी. मग प्रत्येकाने त्या वेळी आपण कुठे होतो ते सांगावं. मी सुरुवातीलाच म्हणालो की बहुतेक सगळी मुलाची असणार. मुलाचा परवाना पहिल्या चार चालानांनंतरचा निघाला. मग मी हिच्याकडे पाहिलं. हिने ऑफिसची हजेरी उघडून दाखवली. शेवटी हिशेब असा लागला: मुलगा एक, ही शून्य, उरलेली सहा 'अनिर्णित'. अनिर्णित हा शब्द मी सुचवला. तो मंजूर झाला नाही.

या पायरीवर घरातली व्यक्ती फोटो मोठा करण्याची शक्यता असते. हिने केला. लाल दिव्याच्या वेळी पांढरी रेषा ओलांडल्याचा होता तो. बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "अहो, हा एकदा नीट बघा." मी म्हटलं, "भरतोय ना पैसे."

पायरी ३: ऑनलाइन भरणा

ताज्या चालानाचे पैसे पोलिसांच्या किंवा परिवहनच्या पोर्टलवर भरता येतात. ते तसंच पडून राहिलं की न्यायालयाकडे जातं. घाबरू नका. दिल्लीत वाहतूक चालानांसाठी जुलै २०१९ पासून व्हर्च्युअल कोर्ट आहे. कोर्टात जायचं, पण खुर्चीवरून उठायचं नाही. काळा कोट नाही, पुकारा नाही. मी तरी सवयीने चप्पल बाहेर काढली होती.

इथे नवशिक्यांसाठी खास खड्डा आहे. यादीत दिल्लीची दोन नावं दिसतात: एक नोटीस विभाग, एक वाहतूक विभाग. ढोबळमानाने कॅमेऱ्याची चालानं पहिल्यात, रस्त्यात कापलेली दुसऱ्यात. एकात शोधून 'नोंद सापडली नाही' असं आलं की माणूस आनंदाने मिठाई आणतो. दुसऱ्यातही शोधावं, मिठाई नंतर.

प्रकरण उघडलं की दोन पर्याय येतात: दंड भरतो किंवा खटला लढवतो. लढवण्याचा हक्क खरा आहे आणि चूक नसेल तर तो जरूर वापरावा. पाटीचा एक आकडा चुकीचा वाचला गेला, गाडी विकलेली होती, अशी कारणं असतात. पण आपण मराठी माणसं तत्त्वासाठी लढतो. मीही माउस लढण्याच्या बटणावर नेला. मुलाने विचारलं, "बाबा, तुमचं म्हणणं काय आहे नेमकं?" मला म्हणणं सापडेना. 'सगळेच ओलांडतात' हे म्हणणं फारसं टिकत नाही, असं मला माझ्या नोकरीतल्या अनुभवावरूनही सांगता येईल.

आकड्यांची कल्पना असू द्या. २०१९ नंतर मोटारीच्या अतिवेगाला १,००० ते २,००० रुपये. सीट बेल्ट १,०००. लाल दिवा किंवा हातात मोबाईल, पहिल्या वेळी १,००० ते ५,०००. दारू पिऊन चालवल्यास पहिल्या वेळी १०,०००, शिवाय तुरुंगाची शक्यता. विमा नसल्यास २,०००.

पायरी ४: लोकअदालत

आकडा फारच फुगला असेल तर राष्ट्रीय लोकअदालतीची वाट पाहावी. वर्षातून साधारण चार वेळा भरते. दिल्लीत विधी सेवा प्राधिकरण आणि वाहतूक पोलीस मिळून थकीत चालानांसाठी बाकं लावतात: तीस हजारी, पतियाळा हाऊस, साकेत, द्वारका, रोहिणी, कडकडडूमा, राउज अव्हेन्यू. तडजोडीस पात्र अशीच चालानं तिथे घेतात. रक्कम कमी होऊ शकते. होईलच असं कोणी लिहून देत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून 'अजून थोडं कमी करा की' हे निवाड्याआधी म्हणावं.

कृती: काही दिवस आधी ठरलेल्या वेळी पोलिसांच्या संकेतस्थळावरून चालानाची चिठ्ठी उतरवून घ्यायची. संख्या मर्यादित असते आणि गणेशोत्सवात कोकण रेल्वेची तिकिटं संपतात त्या वेगाने ती संपते. चिठ्ठीवर न्यायालय, खोली क्रमांक आणि वेळ असते. ती छापूनच न्यावी. मोबाईलवर दाखवतो म्हणणारे गेटाबाहेर छपाईवाला शोधत फिरताना दिसतात. चिठ्ठीवर द्वारका असेल तर द्वारकेलाच जावं. पतियाळा हाऊस आपल्याला जवळ पडतं, हे न्यायाच्या दृष्टीने गैरलागू आहे.

रांगेत माझ्यापुढे बेचाळीस चालानांचा एक टॅक्सीवाला होता. त्याने मागे वळून माझ्या हातातले कागद पाहिले, विचारलं, "बस इतने ही?" आणि माझ्या हातात खारे शेंगदाणे ठेवले. नवशिक्याला एवढा आधार पुरतो.

पायरी ५: तीन महिने

आता निलंबनाची हकीगत. आफ्रिका अव्हेन्यूवर माझ्या हातात फोन होता. पलीकडे पुण्याहून आई. मी तिला एवढंच सांगत होतो की मी गाडी चालवतोय, नंतर बोलतो. मराठी घरात हे वाक्य पूर्ण व्हायला चार मिनिटं लागतात. पाचव्या मिनिटाला हवालदार खिडकीशी होता. परवाना गेला, चालान कापलं, पुढे तीन महिन्यांचं निलंबन.

लेखकाने काय केलं: परवानाच घेतलाय म्हणजे शिक्षा झाली असं समजून दंडाकडे बघितलंच नाही, आणि कॅलेंडरवर तीन महिने फुल्या मारल्या. वाचकाने काय करावं: दंड वेगळा, निलंबन वेगळं. निलंबनाच्या काळातच सगळी थकबाकी मिटवावी. नाहीतर फुल्या संपतात, माणूस न्हाऊनमाखून एका कार्यालयात जातो आणि पडद्यावर नवाचा आकडा दिसतो. दिल्लीत ऑगस्ट २०२१ पासून परिवहनाच्या ३३ सेवा 'फेसलेस' झाल्या, घरबसल्या. माझं प्रकरण मात्र चेहरा दाखवण्याच्या लायकीचं ठरलं. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पाहिला आणि लिहिलं: त्रुटींची पूर्तता करून पुन्हा सादर करावे. मी विचारलं, "कौनसी त्रुटी?" त्या म्हणाल्या, "आपको पता होगा."

या तीन महिन्यांत गाडी चालवू नये. 'कोपऱ्यावरच्या दुधापुरती' हा प्रवासही कायद्याला प्रवासच वाटतो. निलंबन चालू असताना चालवल्यास कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि ज्याने गाडी चालवायला दिली त्या मालकालाही कलम १८० आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० दंड किंवा दोन्ही. मालक म्हणजे ही. त्या संध्याकाळी किल्ली तांदळाच्या डब्यात गेली.

पर्यायी वाहतूक: सेक्टर एकवाल्यांना भिकाजी कामा प्लेसचं गुलाबी मार्गाचं स्टेशन बरं पडतं. आउटर रिंग रोडकडच्यांना किरमिजी मार्गाचं आर. के. पुरम, तिथून दोन स्टेशनांवर हौज खास. रिंग रोडवर मुद्रिका बस. आणि पाय. पायी फिरायला लागल्यावर एक शोध लागतो, तो कुठल्याच पोर्टलवर नाही: आपल्या वसाहतीत झेब्रा क्रॉसिंग आहेत. इतकी वर्षं मला ती रस्त्यावरची रंगसंगती वाटत होती. पट्ट्यावर पाय ठेवला की उजवीकडून येणारी गाडी थांबत नाही, वेग वाढवते, म्हणजे तुमच्या आधी निसटता येतं. निवासी भागात दिल्लीत ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. पायी चालणाऱ्याला ३० म्हणजे किती ते समजतं आणि त्याच्या अंगावरून गेलं ते ३० नव्हतं, हेही समजतं.

पायरी ६: उजळणी वर्ग

२०१९ च्या सुधारणेने कलम १९ मध्ये एक वाक्य घातलं: पोलिसाने पुढे पाठवलेला परवाना अपात्रतेचा काळ संपल्यावर परत मिळेल, पण चालकाने उजळणी प्रशिक्षण पूर्ण केलं असेल तर. प्रमाणपत्राशिवाय अर्ज पुढे करू नये. लेखकाने केला. लेखकाला परिचित शेरा पुन्हा मिळाला.

वर्गात जाताना वही न्यावी, कोपऱ्यातली जागा धरावी. शिकवणारा मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा होता. त्याने विचारलं, थांबा-रेषा कुठे असते? आम्ही बावीस अनुभवी चालक. एकूण अनुभव पाचशे वर्षांच्या आसपास असावा. कोणी म्हणालं सिग्नलच्या खांबाशी, कोणी म्हणालं पट्ट्यांच्या मध्ये. तो म्हणाला, "पट्ट्यांच्या आधी. पट्टे तुमचे नाहीत." आणि पुढच्या चित्राकडे वळला. मी वहीत लिहून घेतलं. परीक्षेत आलं नाही.

हे करू नये

व्हॉट्सअ‍ॅपवर 'तुमचं चालान थकलं आहे, ही फाइल उघडा' असा निरोप आला तर उघडू नये. चालान एपीके फाइलमधून येत नाही, त्यातून फक्त बँकेतले पैसे जातात. पैसे भरायचा पत्ता स्वतः टाइप करावा आणि त्याचा शेवट सरकारी 'जीओव्ही डॉट इन' असा आहे ना, ते पाहावं.

कार्यालयाबाहेर झाडाखाली बसलेला इसम 'तीन दिन में करा दूँगा' म्हणाला तर त्याला विचारावं, तीन महिन्यांचं निलंबन तीन दिवसांत कसं? तो हसेल. तुम्हीही हसावं आणि निघावं.

हवालदाराला आपण कुठल्या मंत्रालयात आहोत ते सांगू नये. आर. के. पुरमात सगळेच कुठल्या ना कुठल्या मंत्रालयात असतात. तोही गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या दिल्ली पोलिसांत आहे.

शंका-समाधान

*गाडी पुण्याची आहे, दिल्लीचं चालान लागू होतं का?* होतं. नोंदी देशभर एकत्र आहेत. दोन शहरांच्या मध्ये दडून बसण्याची सोय संपली.

*बदलीची नोकरी आहे, काय करावं?* नवी गाडी घेताना पात्र असाल तर २०२१ पासूनची बीएच मालिका पाहावी, राज्य बदललं तरी नोंदणी बदलावी लागत नाही. मोबाईल नंबर मात्र चालूच ठेवावा लागतो.

*डिजिलॉकरमधला परवाना चालतो का?* चालतो. निलंबित असेल तर तोही निलंबितच असतो. मी तपासून पाहिलं.

*सगळं करून किती दिवस लागले?* निलंबनाचे तीन महिने, अधिक लेखकाच्या 'बघू नंतर'चे साडेचार.

*त्या पुण्याच्या गृहस्थांचं काय झालं?* नोंदीतला नंबर बदलल्यावर त्यांना चालानांचे निरोप येणं थांबलं. महिन्याभराने त्यांनीच फोन केला, सगळं ठीक आहे ना म्हणून.

शेवटची पायरी: परवाना हातात आल्यावर

पाकीट फोडावं. नाव, जन्मतारीख, रक्तगट तपासावा. किल्ली मागावी. तांदळाच्या डब्यातून ती मिळेल.

गाडीत बसण्याआधी पहिल्या पायरीतली एक सूचना रद्द समजावी. लाल दिव्याचा तो फोटो उघडावा आणि मोठा करून पाहावा. पाटी आपलीच आहे. बोनेट पट्ट्यांवर तीन हात पुढे आलेलं आहे. उजवीकडे, चौकटीच्या कडेला, पाठीवर दप्तर घेतलेली एक मुलगी आहे. तिचा एक पाय पट्ट्यावर आहे आणि दुसरा मागे फुटपाथवर, जसा मी त्या तीन महिन्यांत रोज टाकत होतो तसा. ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही. गाडीकडे पाहते आहे. तारीख, वार, सेकंद, सगळं छापलेलं आहे. त्या सेकंदाला मी काय करत होतो ते मला आठवत नाही. ती तिथे होती हे तर मुळीच आठवत नाही.

कचेरीत आता मी शेऱ्याखाली त्रुटी कुठली तेही लिहितो. एक ओळ जास्त लागते.

आता गाडी काढावी. पहिल्या लाल दिव्याला पांढऱ्या रेषेच्या हातभर मागे थांबावं. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्यावा. पट्ट्यांवरून कोणी जात असेल, तर त्याला आधी जाऊ द्यावं.